पाळण्याचं जोडतिकीट

इंदापूर पाहिलं नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. माझी पन्नाशी उलटली तरी मी ते पाहिलं नव्हतं आणि सुप्यात माझं छान चाललं होतं. शाळेत मुलींकडून 'इंदापूर हा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा तालुका' असं मी वीस वर्षं घोकून घेतलं. तो खरंच तिथं आहे की नाही हे जाऊन बघावं, असं कधी मनातही आलं नाही. शेवटी गेले ते कशासाठी, हे ऐकून तुम्ही हसाल. मी पाळण्यात बसायला गेले. या वयात, एकटी, आणि नवरा जाऊन जेमतेम महिना झालेला असताना.

तेव्हा आधी नवऱ्याची ओळख करून देते. आमचे हे सुप्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. गाव त्यांना डॉक्टर म्हणे आणि ही चूक ते कधी दुरुस्त करीत नसत. औषधाच्या बाटलीबरोबर ते प्रत्येकाला एक गोष्ट सांगत; खोकल्याला छोटी, हिवतापाला मोठी. गोष्टीतलं निम्मं खोटं असे. कुठलं निम्मं, ते फक्त मला ठाऊक.

दिवाळीत बारामतीला फनफेअर आलं. दिवाळीनिमित्त तिथं जोडतिकिटं निघाली होती. ती नवरा-बायकोनं मिळूनच वापरायची. ह्यांनी हौसेनं चार तिकिटं घेतली. नेमबाजी झाली. हसऱ्या आरशांच्या तंबूत आम्ही दोनदा जायचं ठरवून एकदा गेलो. मग पाळण्यापाशी आलो. आकाशपाळणा म्हणजे केवढा! मान मोडेपर्यंत वर बघावं. 'चपला खाली काढाव्या' अशी पाटी होती. आमचा नंबर आला, मी चपला काढल्या, तेवढ्यात हे म्हणाले, "अगं, या नव्या चपला कुणी पळवल्या म्हणजे?" आणि माझ्या चपला उचलून छातीशी धरून उभे राहिले. चेहरा पार पांढरा. पाय तर जमिनीत रोवल्यासारखे. माणूस सुईला भीत नाही, फोडाला भीत नाही, आणि पाळण्याला असा भ्यावा! तिकीट दोघांचं, त्यामुळं मलाही एकटीला बसता येईना. अर्धा तास आम्ही मान वर करून लोकांचे तळवे बघितले आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून हे सगळ्या गावाला सांगत होते, "वर गेलं की माणसानं खाली बघू नये, समोर बघावं. बारामती म्हणजे नुसती रांगोळी! आणि कालवा कसा, कुणी धोतर धुऊन वाळत घातल्यासारखा." लागूनच असलेल्या आमच्या घरातून मी ऐकत होते. शाळेत एखादी मुलगी एवढं खोटं बोलली असती तर तिला बाकावर उभं केलं असतं. पण हे खोटं इतकं मन लावून सांगत की मीच त्यांना चहा नेऊन दिला.

त्यांचे मित्र आबा, आमच्या शेजारचेच, बाजरीचं रान करणारे, ते रोज संध्याकाळी पायरीवर येत आणि विचारत, "डाक्टर, कालवा कंच्या बाजूला दिसला म्हनलात?" हे एकदा डावीकडे म्हणत, एकदा उजवीकडे. आबांनी पकडलं की लगेच म्हणत, "आबा, पाळणा फिरतो ना!"

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी ह्यांना ताप भरला. स्वतःच्या हातानं गावाला औषधं दिली, पण स्वतःला लागू पडेल असं त्या कपाटात काही निघालं नाही. आणखी आठवड्यानं ते गेले.

दहाव्याला ओढ्यावर पिंडाला कावळा शिवेना. मी घरीच होते. हे मला आबांनी येऊन सांगितलं. मंडळी म्हणाली, बाईंची काळजी करू नका. कावळा झाडावर. दीर म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा झाडावर. ऊन डोक्यावर आलं. मग आबा पुढं झाले आणि म्हणाले, "डाक्टर, ऱ्हायलेली तिकिटं वाया जायाची न्हाईत. वैनी पाळन्यात बसतील." कावळा टुणकन खाली आला.

"आता काय करता वैनी," आबा म्हणाले, "सबूद ग्येलाय."

मी खूप रागावले. माझ्या वतीनं शब्द द्यायला हे कोण? बाईमाणूस, कपाळ पांढरं, आणि पाळण्यात बसायचं? पण रात्री पेटी उघडली तर त्यांच्या कोटाच्या खिशात ती दोन तिकिटं होती. एक आरशांचं, एक पाळण्याचं. त्यांना खरंच वर जायचं असेल तर? भीती वाटली म्हणून काय इच्छा नसते? महिना झाला तशी मी शाळेत रजा टाकली.

बारामती

सकाळच्या मोटारीनं निघाले. सुप्याची माळरानं संपून कालव्याची जमीन लागली की दर वेळी मला जावेच्या माहेराचा वाटावा तसा हेवा वाटतो. आमच्याकडे पाण्याच्या घागरीवर झाकण, आणि झाकणावर सासूची नजर. इथं पाणी पाटानं आपलं वाहतंय आणि कुणी वळून बघत नाही. ऊस तर असा उभा की रस्त्यावरून जाताना बारामती दिसतच नाही, फक्त ऐकू येते.

मैदानावर पोचले आणि बघते तर काय, मैदान रिकामं! खांब उपटल्याचे खड्डे, रंगीत कागदाचे तुकडे, आणि त्यात चार शेळ्या चरताहेत. पाळणा जिथं होता तिथली माती तेवढी काळी, तेल सांडलेली. मी तिथंच मटकन बसले.

समोर चहाचं दुकान होतं. मालक म्हणाला, "फनफेर? ते चार दिस झालं ग्येलं जी. इंदापूरला. आठ दिस ऱ्हाईल, न्हाय तर न्हाय बी ऱ्हानार. त्यांचं काय खरं न्हाय."

त्यानं दिलेला चहा इतका गोड होता की चमचा उभा राहावा. आमच्याकडे पाहुण्याला गुळाचा खडा हातावर देतात. इथं तो थेट चहात विरघळवतात आणि वर साखरही घालतात. मी मुकाट्यानं प्यायले आणि विचार केला, परत जावं. मग आबांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. कावळ्याचाही आला. दुपारची इंदापूरची मोटार धरली.

लासुर्णे

इथं मुक्काम पडायचं काही कारण नव्हतं. तो पडला एका शब्दामुळं.

मोटारीत शेजारी सोनाबाई नावाची एक बाई बसली होती. नऊवारी करकरीत, मांडीवर भलंमोठं बोचकं. गाडीचा खडखडाट असा की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि ओरडून विचारलं, "कुटं निगालात?"

"पाळण्याला!" मी ओरडले.

"अगं बया! मग माज्यासंगंच चला की. माज्या भावाचाच हाय."

मला वाटलं, वा, मालकाची बहीणच भेटली! म्हटलं, "इंदापूरला ना?"

"न्हाय न्हाय, लासुर्ण्याला. आज चारला हाय."

फनफेअर मधेच लासुर्ण्याला थांबलं असेल. बरंच झालं, जवळ पडलं. मी विचारलं, "खूप मोठा आहे का हो?"

"मोटा न्हाय, पर झ्याक हाय. सुताराकडनं करून घेतलाय."

"माणसं किती बसतात?"

सोनाबाई हसून हसून बोचक्यावर पडली. "मानसं! एकच, आन् ते बी बारा दिसांचं!"

एकाच पाळण्यावर एकच माणूस? आणि बारा दिवस मुक्काम? मला हिशेब लागेना. पण जोडतिकिटाची अडचण आपोआप सुटली म्हणून मी गप्प राहिले.

उतरून उसाच्या बांधानं चालत आम्ही एका वस्तीवर पोचलो. दारात मांडव, बायकांचा गलका. मी मान वर करून आभाळात पाहत होते. चिंचेच्या वर काहीच दिसेना. म्हटलं, फारच बुटका असावा. आत गेले, आणि आढ्याला टांगलेला, हिरव्या खणांनी सजवलेला तो पाळणा पाहिला. त्यात बारा दिवसांचं ते 'माणूस' मुठी वळून झोपलं होतं.

बारसं होतं हो! सोनाबाई आत्या होती. नाव ठेवायला आली होती. आणि मी, सुप्याची शिक्षिका, भूगोल शिकवणारी, बोलावणं नसताना लासुर्ण्याच्या बारशाला येऊन उभी होते.

हसू यायला हवं होतं. पण माझा पाय दारातच अडला. आमच्या घरात पाळणा कधी हललाच नाही. आणि आता तर माझं कपाळ असं. आमच्याकडे अशा बाईनं बारशाच्या घरात स्वयंपाकाला हात लावावा, पुढं होऊ नये. मी उलट पावली निघाले तोच बाळाची आजी ओरडली, "पावनी दारातनंच निगाली व्हय? आत या की."

"नको, मी..." मी कपाळाकडं बोट केलं.

"मग? माजं तरी कुटं भरलंय? त्येच्यापायी नातवाच्या पाळन्याला हात न्हाय लावायचा व्हय म्या? धरा ही दोरी."

तिनं दोरी माझ्या हातात दिली. मी पाळणा हलवला. सोनाबाईनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि मी रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. तोही होताच थोडा.

मग मी खरा प्रकार सांगितला. म्हणजे कुठल्या पाळण्याला निघाले होते ते. आधी कुणाला कळेना. कळलं तेव्हा मांडवातल्या बायका अशा हसल्या की बाळ दचकून उठलं. आजीनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बया, म्हंजी तुमी आबाळातल्या पाळन्याला निगालाय! आन् आमी हितं अडकावलं तुमास्नी!" एक तरुण सून म्हणाली, "बाई, बसून आल्यावर सांगा, माजं माहेर दिसतंय का वरनं. बावड्याला हाय."

त्या रात्री मला कुणी जाऊ दिलं नाही. सकाळी निघताना आजीनं घुगऱ्या बांधून दिल्या. आमच्याकडे घुगऱ्या म्हणजे हरभरे आणि मीठ. ह्या घरात गुळाचे खडेही घालतात. एकूण या भागात गुळापासून सुटका नाही. पुरचुंड्या दोन होत्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"तिकीट दोगांचं हाय न्हवं?" आजी म्हणाली. "मग घुगऱ्या एकाच्या कशापायी?"

इंदापूर

तर इंदापूर खरंच पूर्वेला आहे. मुलींना मी खोटं शिकवलेलं नाही. कौलं, धाब्याची घरं, झाडांतून डोकावणारा दर्गा, आणि हमरस्त्यावरून सोलापूरकडं धावणाऱ्या मालमोटारी. जेवण मात्र तिखट, थेट आमच्या सुप्यासारखं. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी खाऊन जिवात जीव आला.

आणि गावाबाहेर तो पाळणा उभा होता! पण आज शेवटचा दिवस. एकीकडून तंबूच्या कनाती सोडायला सुरुवात झालेली.

मी आधी आरशांच्या तंबूत गेले. बारामतीत हे एका आरशासमोर बराच वेळ उभे होते. त्यात माणूस जाडजूड दिसतो. आयुष्यभर अंगावर मांस न धरलेला माणूस, स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाला होता, "बघ, तुझा स्वयंपाक अंगी लागला असता तर असा दिसलो असतो." मी त्याच आरशासमोर उभी राहिले. एक ऐसपैस बाई दिसली, पांढऱ्या कपाळाची. शेजारी कुणी नव्हतं. मी लगेच बाहेर आले.

पाळण्याच्या इंजिनापाशी उस्ताद म्हणून एक मिस्त्री बसला होता. विहिरीवर पाणी ओढायला असतं तसलंच तेलाचं इंजिन. तिकीट दोन्ही बाजूंनी उलटून तो म्हणाला, "ह्ये तर बारामतीचं हाय."

"मग?"

"मग काय? गाव बदाललं, पाळना त्योच हाय. पर जोडतिकीट हाय बाई. मालक कुटं हायत?"

"नाहीत."

"या म्हनावं लौकर. दिस मावळायच्या आत पाळना सोडायचाय."

"ते गेले," मी म्हणाले. "महिना झाला."

उस्तादानं तिकीट खाली ठेवलं. डोकं खाजवलं. "एकटं न्हाय बसता येत बाई. पायजेल तर तिकीट बी दिऊ नगा, फुकट बसा, पर तोल जातोय. एका बाजूला मानूस आन् दुसरी बाजू रिकामी, असं चालत न्हाय." मग तो उठला. तंबूमागून एक वाळूचं पोतं ओढत आणलं. "तोलाला ठेवतो आमी. मालकांचं वजन किती हुतं?"

"फारसं नाही," मी म्हणाले. "पावसात छत्रीच त्यांना धरायची."

"दीड मन?"

"इतकं कुठलं."

त्यानं पत्र्याच्या डब्यानं वाळू उपसायला सुरुवात केली. भोवती माणसं जमली. कुणी खुसखुसत होतं. मी म्हटलं, हसा बापडे. त्यानं पोतं हलवून पाहिलं. "आता?"

"अजून थोडी काढा," मी म्हणाले. "शेवटच्या आठवड्यात फार उतरले होते."

खुसखुस थांबली. उस्तादानं आणखी दोन डबे वाळू काढली, अगदी सावकाश, आणि पोत्याचं तोंड बांधून ते माझ्या शेजारी ठेवलं. समोरून साखळी अडकवली. आधी त्याला, मग मला.

चपला मी खाली काढल्या. धरायला कुणी नव्हतं.

इंजिन फुटफुटलं आणि जमीन गेली. मी डोळे गच्च मिटले आणि पोत्याला मिठी मारली. देवाचं नाव आठवेना, म्हणून मी ह्यांना शिव्या दिल्या. म्हटलं, बरं केलंत बसला नाहीत ते. मोठे शहाणे! समोर बघावं म्हणे! तुम्हाला काय, जमिनीवर उभं राहून कुणीही सांगेल. आणि एकदम मला ते हवे झाले. असे पोत्यासारखे नव्हेत. घाबरलेले, पांढरे पडलेले, माझा हात दुखेपर्यंत आवळून धरणारे. इतके हवे झाले की मी मोठ्यानं रडले. तिथं ऐकायला कुणी नव्हतं, हा पाळण्याचा मोठा गुण.

मग पाळणा थांबला. अगदी वर. खाली माणसं चढत होती बहुतेक. वाऱ्यानं बैठक हलली. मी एक डोळा उघडला.

समोर बघावं, म्हणाले होते. समोर पाहिलं. ज्वारीची रानं, मधेच उसाचे हिरवे तुकडे, काळी ढेकळं, गावाची कौलं. बावडा कुठल्या बाजूला हे कळेना, म्हणून त्या सुनेसाठी चारी दिशांना बघून घेतलं. कालवा दिसला नाही. कुठंच नाही. पण पलीकडं एका मळ्यात, विहिरीच्या कठड्याजवळ, कुणीतरी बांधावर खरोखरच एक लांबलचक धोतर धुऊन वाळत घातलं होतं. उन्हात ते इतकं चमकत होतं की मला हसू फुटलं. मी पोत्याला कोपरानं ढोसलं.

घुगऱ्यांची पुरचुंडी सोडली. माझी खाल्ली. ह्यांची पोत्यावर ठेवली आणि थोडा वेळ वाट पाहून तीही मीच खाल्ली. घरीसुद्धा त्यांच्या ताटातलं उरलेलं मलाच संपवावं लागे. सगळं आटोपल्यावर मग खाली पाहिलं. माझ्या चपला दिसल्या, दोन ठिपके, शेजारी शेजारी. कुणी पळवल्या नव्हत्या.

उतरल्यावर उस्तादानं विचारलं, "झ्याक वाटलं न्हवं?" मी म्हटलं, "पाय कापताहेत." तो म्हणाला, "मग झ्याकच वाटलं." आणि अर्धं फाडलेलं तिकीट त्यानं मला परत दिलं.

परत सुपे

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले तर आबा दवाखान्याच्या पायरीवर बसलेले. तीच जागा, तोच पटका. नव्या कंपाउंडरला गोष्टी सांगता येत नाहीत अशी त्यांची तक्रार आहे, तरी येतात.

"बसलात, वैनी?"

"बसले." मी तिकीट दाखवलं.

"आन् कालवा?"

"दिसला," मी म्हणाले. "धोतर धुऊन वाळत घातल्यासारखा."

आबांनी पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसले आणि इतके दिवस मनात असलेलं विचारलं, "आबा, ओढ्यावर तुम्हाला तिकिटंच कशी सुचली? ते तर पाळण्यात बसून आले होते."

"कोन? डाक्टर?" आबा जमिनीकडं बघत म्हणाले. "वैनी, त्या दिशी म्या बी बारामतीतच हुतो. बैल बगाया ग्येलतो. फनफेरात शिरलो तर ह्यो पाळन्याखाली हुबा, तुमच्या चपला अशा छातीशी धरून. हाक मारनार हुतो. म्हनलं नगं, घरी जाऊन काय सांगतोय ते तरी ऐकू."

"आणि रोज विचारत होतात, कालवा कुठल्या बाजूला म्हणून!"

"इचारलं न्हाय तर त्यो सांगल का?" आबांनी पटक्यानं नाक पुसलं. "लई ब्येस सांगायचा. तुमी सांगा की, वैनी. पैल्यापास्नं सांगा."

मी चपला काढून पायरीखाली ठेवल्या आणि सुरुवात केली. वर गेलं की माणसानं खाली बघू नये आबा, समोर बघावं. गाव म्हणजे नुसती रांगोळी. दोन-तीन माणसं औषधाच्या बाटल्या घेऊन जाता जाता थांबली. मी कालव्यापर्यंत आले आणि हात लांब करून दाखवला, असा, डाव्या अंगाला.

"डाव्या?" आबा म्हणाले. "डाक्टर तर उजव्या म्हनायचा."

"आबा," मी म्हणाले, "पाळणा फिरतो ना!"